नऊ वर्षांच्या नोकरीनंतर पीएचडीचा अर्ज

चाकणच्या कारखान्यात नऊ वर्षं माझं एकच दुखणं होतं: वेल्डच्या कडेला येणारा क्रॅक. दर वेळी ठरायचं, जास्त ताकदीचं पोलाद वापरू. वापरलं, तरी ब्रॅकेट तिथेच आणि जवळपास तेवढ्याच दिवसांत तुटायचा. असं का होतं, हे शोधायला लाइनवर कुणाला सवड नसते. मला ते शोधायचं होतं.

हातात फक्त बीई, त्यामुळे गेट ही प्रवेशासाठीची परीक्षा आलीच. स्कोअर तीनच वर्षं चालतो, माझा कधीच संपला होता. 65 प्रश्न, तीन तास. डिझाइन जमलं, गणिताने मात्र पहाटे चारला उठवलं. शिफारसपत्रासाठी कॉलेजच्या सरांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "आधी काय काम केलंस ते दोन पानांत लिहून पाठव." ती दोन पानं पुढे फार कामी आली.

पहिल्या मुलाखतीत मी कंपनीचे किती पैसे वाचवले तेच सांगत बसलो. एका प्राध्यापकांनी खडू दिला आणि त्रिमितीतल्या स्ट्रेसचं, म्हणजे ताणाचं, मॅट्रिक्स लिहून प्रिन्सिपल स्ट्रेस (मुख्य दिशांतले ताण) काढायला सांगितले. मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे गणितात शिकवतात ती त्याची खास मूल्यं, म्हणजेच प्रिन्सिपल स्ट्रेस. दोन्ही गोष्टी मी शिकलो होतो, पण वेगवेगळ्या विषयांत. फळ्यापुढे त्या जुळल्याच नाहीत. निवड झाली नाही. ते योग्यच होतं.

मग स्टेटमेंट ऑफ पर्पजमधली, म्हणजे पीएचडी का करायची ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनातली, प्रोजेक्टची यादी काढून टाकली आणि सुरुवातच त्या क्रॅकने केली. पुढच्या फेरीत पवईच्या आयआयटीत मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांशी अर्धा तास त्यावरच बोलणं झालं. वेल्ड नसलेल्या पोलादात बराचसा काळ क्रॅक सुरू होण्यातच जातो, आणि पोलादाची ताकद तिथे उपयोगी पडते. वेल्डच्या कडेला सूक्ष्म दोष आधीच असतात. उरतं ते फक्त क्रॅकचं वाढणं, आणि तो वेग पोलादाच्या ताकदीने फारसा बदलत नाही. "मग उपाय?" त्यांनी विचारलं. कड घासून गुळगुळीत करणं किंवा पीनिंग, म्हणजे कडेवर बारीक ठोके देणं, मी म्हणालो. वेल्डिंगनंतर धातूत उरलेले ताण मोजायचे कसे, यावर मात्र "माहीत नाही" म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

पैशांचं आधीच घरी बोला. 2023च्या दराने फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर 42,000. नोकरी सांभाळून एक्स्टर्नल म्हणूनही करता येतं, पण मला प्रयोगशाळा पूर्ण वेळ हवी होती. बायकोने आमच्या हप्त्यांचा हिशोब दोन रात्री बसून मांडला. तिची एकच अट होती, मुलीची शाळा बदलायची नाही. म्हणून मी हॉस्टेलवर राहतो आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला जातो.