दोन्ही माना एकाच बाजूला

जहाज ड्राय डॉकला लागलं की आम्हा इंजिनवाल्यांचं काम दुपटीने वाढतं. पंप उघडायचे, व्हॉल्व्ह उतरवायचे, त्यात गोदीच्या माणसांच्या मागे लागायचं. क्रोएशियात रियेकाजवळच्या गोदीत होतो, तेव्हा नवव्या दिवशी कुठे एक रविवारची दुपार मोकळी मिळाली. एजंटच्या ड्रायव्हरने शहरात सोडलं आणि सातला इथेच भेट म्हणाला.

रियेका हे क्रोएशियाचं मोठं बंदर. देशातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर, पण वस्ती लाखाच्या थोडी वर. आमच्या रत्नागिरीपेक्षा जरा मोठं म्हणा. मधोमध कोर्झो नावाचा फक्त पायी चालायचा रस्ता, आणि त्यावर घड्याळाचा पिवळा मनोरा. मनोऱ्याच्या घुमटावर दोन डोक्यांचा गरुड पंख पसरून उभा. खालच्या कमानीपाशी एका दुकानात शहराचं मानचिन्ह असलेले फ्रिजवर लावायचे मॅग्नेट होते. त्यातला एक उचलला आणि नीट पाहत राहिलो.

दोन डोक्यांचा गरुड म्हटलं की एक मान इकडे, एक तिकडे. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग बादशहांचा तसाच, कर्नाटकच्या राजमुद्रेतला गंडभेरुंडही तसाच. रियेकाच्या गरुडाच्या दोन्ही माना मात्र एकाच बाजूला वळलेल्या. मानचिन्हांच्या दुनियेत हे फार दुर्मीळ. गरुड खडकावर उभा आहे आणि त्याच्या एका पंजाखाली घडा आहे. घडा आडवा कललेला, त्यातून पाणी वाहतंय. सोबत एकच लॅटिन शब्द, ‘इंडेफिसिएन्टर’. म्हणजे न आटणारं, अखंड. १६५९ साली सम्राट लिओपोल्ड पहिला याने हे चिन्ह शहराला दिलं. शहराच्या नावाचाच अर्थ नदी. इटालियन लोक त्याला फ्यूमे म्हणत, त्याचाही अर्थ नदीच. चिन्हात नाव असं पाण्यातून लिहिलेलं मला फार आवडलं.

पण खरी गोष्ट त्या मनोऱ्यावरच्या गरुडाची आहे, आणि ती ऐकून मला आजही वाईट वाटतं. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने ती सांगायला सुरुवात केली आणि गोदीच्या फाटकाशी गाडी उभी करून पूर्ण केली. नंतर मी स्वतःही बरंच वाचलं. १९०६ साली शहरातल्या बायकांनी पैसे घालून हा गरुड बसवला. मग पहिलं महायुद्ध झालं, ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य मोडलं आणि रियेका कोणाचं यावर भांडण पेटलं. सप्टेंबर १९१९ मध्ये इटालियन कवी गाब्रिएले दानुन्झियो आपले सैनिक घेऊन शहरात घुसला आणि त्याने ते बळकावलं. दोन डोकी म्हणजे ऑस्ट्रियाची आठवण, म्हणून त्याच नोव्हेंबरात त्याच्या दोन सैनिकांनी घुमटावर चढून एक डोकं कापून टाकलं. रोमचा गरुड एकाच डोक्याचा असतो ना!

१९०६ ते १९१९. तेरा वर्षं तर झाली होती. ज्या बायकांनी त्या गरुडासाठी पैसे दिले, त्यांतल्या कितीतरी जणी तेव्हा त्याच गल्ल्यांतून बाजाराला जात असतील. वर पाहिलं की कापलेली मान दिसत असणार. हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे काही वर्षं रियेका स्वतंत्र राज्य होतं. किरमिजी, पिवळा आणि निळा असा आडवा तिरंगा, मध्ये हाच गरुड. १९२४ मध्ये ते इटलीत गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात आलं, आणि उरलेला एकडोक्या गरुडही १९४९ मध्ये काढून टाकला. एकाला दोन डोकी खुपली, दुसऱ्याला अख्खा पक्षीच. ड्रायव्हर म्हणाला, “माझी आजी एकाच घरात राहिली, पण चार राज्यांत.” गरुड परत आला तो २०१७ मध्ये, नवा घडवून, दोन्ही डोक्यांसह. सत्तर वर्षांनी का होईना, लोकांनी आपलं चिन्ह परत वर चढवलं, याबद्दल मला त्या शहराचा मनापासून आदर वाटतो.

त्या दुपारी मनोऱ्यापासून चालत नदीकडे गेलो होतो. रियेचिना तिचं नाव. तिचं जुनं पात्र अजून शहरात आहे. त्याला मृत कालवा म्हणतात, आणि तिथे छोट्या होड्या ओळीने बांधलेल्या असतात. अगदी आमच्या खाडीतल्यासारख्या, फक्त रंग फिके. १९२४ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत हद्द इथूनच जायची. अलीकडे इटली, पलीकडे सूशाक, म्हणजे युगोस्लाव्हिया. पूल ओलांडायचा म्हणजे परदेशी जायचं. ज्या नदीवरून शहराचं नाव पडलं, तिलाच कुंपण करून टाकलं होतं.

जहाजावर गोड्या पाण्याचा हिशेब माझ्याकडे असतो. किती टन बनलं, किती वापरलं, रोज लॉगबुकात लिहायचं. गोदीत असताना किनाऱ्यावरून होज जोडून पाणी घेतात, आणि बंदराचं पाणी म्हटलं की क्लोरीनचा उग्र वास ठरलेला. रियेकाला पहिल्या दिवशी घोट घेतला आणि थांबलो. थंडगार, कसलाच वास नाही. शहराच्या अगदी जवळ चुनखडीच्या डोंगरातून झ्वीर नावाचा झरा फुटतो, तिथून इथल्या नळांना पाणी येतं. तेव्हा मला त्या घड्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

जहाज सुटायच्या आदल्या रात्री दोन्ही टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. मॅग्नेट कंट्रोल रूममध्ये लॉगबुकाच्या कपाटाच्या पत्र्यावर लावला. पोर्ट सैद येईपर्यंत आम्ही तेच पाणी प्यायलो.