डॉलर-येनची वही : जानेवारी २०२३ची चढती रेषा

डॉलर-येनचा (एका डॉलरला किती येन) डेली चार्ट कोरा करून पुन्हा पहिल्यापासून रेषा ओढायला घेतलाय. अट एकच: रेषेआधी तिचे नियम वहीत उतरवायचे. कोणते बिंदू घेणार, विकचं (कॅन्डलच्या, म्हणजे दिवसाचा भाव दाखवणाऱ्या उभ्या पट्टीच्या, वरखालच्या बारीक काडीचं) टोक धरणार की क्लोजिंग (दिवसाचा बंद भाव), स्केल साधी की लॉग (सारख्या टक्क्यांना सारखं अंतर देणारी), आणि रेषा तुटली असं कधी मानणार.

नीचांक जोडणाऱ्या या चढत्या रेषेचा पहिला बिंदू १६ जानेवारी २०२३चा नीचांक, १२७.२. दुसरा २८ डिसेंबर २०२३चा, १४०.२५. कुठल्याही दोन बिंदूंतून रेषा जातेच, त्यामुळे खरी कसोटी मधे. मार्च २०२३च्या अखेरीस, बँका कोसळत होत्या त्या दिवसांत भाव १२९.६ला टेकून वर फिरला होता. माझी रेषा त्या दिवशी १२९.७ दाखवते. हा स्पर्श मी निवडला नव्हता, तो जुळून आला. म्हणूनच मला या रेषेवर विश्वास ठेवावासा वाटतो.

ती पुढे वाढवली की २ ऑगस्ट २०२४ला १४८.५च्या आसपास पोचते. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला होता, २ तारखेला अमेरिकेचे रोजगाराचे आकडे कच्चे आले आणि दिवस १४६.५च्या जवळ बंद झाला. शुक्रवार होता, म्हणजे वीकली क्लोजिंगसुद्धा रेषेखालीच. सोमवारी, ५ ऑगस्टला, भाव १४१.७पर्यंत गेला. पण जुलैचा उच्चांक १६१.९ होता, म्हणजे रेषा तुटेपर्यंत तेरा येन निघून गेले होते. इतकी लांब रेषा उशिराच बोलते. माझ्या मते तिचा उपयोग मोठा कल संपला का हे ठरवण्यापुरता. उच्चांकाजवळची घसरण ओळखायला जवळच्या नीचांकांवरून दुसरी, उभट रेषा हवीच.

आता स्केल. हेच दोन बिंदू लॉग स्केलवर जोडले तर २ ऑगस्टची पातळी १४९.१च्या आसपास येते. विकऐवजी क्लोजिंगवरून ओढली तरी रेषा जवळपास तेवढीच वर सरकते. अर्ध्या-पाऊण येनाचा हा फरक पिपमध्ये (येनच्या शंभराव्या भागात) मोजला तर बराच आहे. त्यामुळे मी रेषा एक पट्टा म्हणून वाचतो आणि पट्ट्याच्या खालच्या कडेबाहेर वीकली क्लोजिंग झाल्याशिवाय ‘तुटली’ असं लिहीत नाही.

क्लोजिंगचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर बोलणं फार कमी होतं. चलनाला एकच एक बाजार नाही, म्हणून अधिकृत क्लोजिंगही नाही. बहुतेक जण न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच धरतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. ज्या चार्टचा दिवस ग्रीनिच वेळेवर बदलतो तिथे रविवारची दोन-तीन तासांची तुटपुंजी कॅन्डल वेगळी दिसते. आठवड्यात सहा कॅन्डल झाल्या की रेषेचा उतारही बदलतो. दुसऱ्याच्या रेषेशी आपली ताडून पाहण्याआधी त्याचा चार्ट कुठल्या वेळेवर चालतो ते विचारा.

आडव्या रेषेचं एक सुंदर उदाहरणही याच चार्टवर आहे. ऑक्टोबर २०२२ आणि नोव्हेंबर २०२३, दोन्ही उच्चांक १५१.९च्या घरात. १० एप्रिल २०२४ला हे छप्पर फुटलं. २९ एप्रिलला भाव १६०ला पोचला, आणि त्या दिवसांत जपान सरकारने येन सावरायला बाजारात उडी घेतली, महिनाभरात डॉलर विकून ९.७९ लाख कोटी येन विकत घेतल्याचं अर्थखात्याने नंतर जाहीर केलं. कुठलीही रेषा हे आधी सांगत नाही. पण ३ मेला घसरण जिथे थांबली ती पातळी पुन्हा १५१.९चीच. जुनं छप्पर आता जमीन झालं होतं.

(नवीन मंडळींसाठी: मी फक्त चार्ट वाचतो. भारतात राहून परदेशी फॉरेक्स ॲपवर सौदे करायला परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेने अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी दिली आहे, ती आधी बघा.)

पुढे जुलै २०२४च्या १६१.९ आणि जानेवारी २०२५च्या १५८.९ या उच्चांकांतून उतरती रेषा घेतोय. नियम लिहून झाले: विकची टोकं, न्यूयॉर्क क्लोजिंग, लॉग स्केल. कोणी क्लोजिंगवरून ओढली असेल तर आकडे कळवा, शेजारीशेजारी ठेवून बघू.