तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रामोफोनचे पार्ट कुठे मिळतात?

गणपती आटोपले की माझा फोन वाजायला लागतो. चाकरमानी गावाला आलेले असतात, माळा झाडताना आजोबांचा चावीचा ग्रामोफोन सापडतो, आणि तो काही वाजत नाही. मग कुणाकडून तरी माझा नंबर मिळतो. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत प्रश्न एकच असतो: "ह्येचे पार्ट खंय गावतत?"

पार्ट मिळतात. पण त्याआधी कुठला पार्ट खरोखर गेलाय ते ठरवायला हवं. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मशिनींना नवा पार्ट लागतच नाही. चावी देताना आतून 'धप्प' असा आवाज येतो आणि लोक म्हणतात, स्प्रिंग तुटली. पुष्कळदा ती शाबूत असते. स्प्रिंगच्या डब्यात कंपनीने भरलेलं ग्राफाइटचं ग्रीस इतक्या वर्षांत सुकून डांबरासारखं घट्ट झालेलं असतं. त्यामुळे पातं सुरळीत उलगडत नाही, अडकतं आणि एकदम सुटतं. स्प्रिंग काढून रॉकेलने किंवा डिझेलने धुतली, नवं ग्रॅफाइट ग्रीस लावलं की आवाज बंद होतो. मात्र हा डबा घरी उघडू नका. चावीचा जोर पूर्ण उतरवल्यावरही पात्यात ताण राहतो, आणि ते हातातून निसटलं तर बोटं कापतं. जाड हातमोजे आणि सवयीचा हात, दोन्ही लागतं.

स्प्रिंग खरंच तुटली असेल तर कुठे तुटली ते बघायचं. टोकाशी, भोकाजवळ तुटली असेल तर तेवढंच टोक लाल तापवून सावकाश निवू द्यायचं. ते मऊ पडतं, त्यात नवं भोक पाडता येतं. लांबी थोडी कमी होते, पण तबकडीची एक बाजू पुरी वाजते. मधोमध तुटली तर नवीच हवी. नव्या स्प्रिंगा आजही तयार होतात, इंग्लंड-जर्मनीतून पोस्टाने येतात. त्या मागवताना मशिनीचं नाव सांगून भागत नाही. पात्याची रुंदी, जाडी, लांबी आणि दोन्ही टोकं कशी अडकतात, हे सांगावं लागतं. जाडी मायक्रोमीटरने मोजा. पट्टीने मोजून मागवलेली स्प्रिंग डब्यात मावत नाही.

नावावर का जाऊ नये? झाकणावर एचएमव्हीच्या कुत्र्याचं चित्र असलं म्हणून आतली स्प्रिंगवर चालणारी मोटर त्याच कंपनीची असेल असं नाही. स्वित्झर्लंडच्या थोरेन्स आणि पायार या कंपन्या मोटरी बनवून इतरांना विकत. शिवाय मधल्या काळात कुणी कारागिराने मोटर बदललेली असते. याचा त्रास स्क्रू लावताना कळतो. इंग्लंडच्या मोटरीचे आटे ब्रिटिश मापाचे, स्विस मोटरीचे मिलिमीटरचे. जवळपास बसतोय म्हणून पिळून घातलेला स्क्रू भोकाचे आटे कायमचे खाऊन टाकतो. चावीचंही तसंच. चावी हरवली असेल तर नवी करून मिळते, पण लेथवाल्याकडे मशीन घेऊन जा, नुसता फोटो नको.

आता आपल्या हवेचं. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत लोखंड गंजतं, हे सगळ्यांनाच दिसतं. लाकडाला वाळवी लागते, टर्नटेबलवरच्या बनातीला कसर. पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती जस्ताच्या ओतकामाची. साउंडबॉक्सची (म्हणजे सुई आणि थरथरणारा पडदा असलेल्या डबीची) पाठ, आवाजाच्या नळीची बैठक असे भाग पुष्कळ कंपन्यांनी जस्ताच्या मिश्रधातूत ओतले. त्या काळी त्यात शिशाचा अंश राहून जाई, आणि दमटपणात असा धातू आतून कणाकणाच्या सांध्यांत खचत जातो. आधी फुगतो, मग बारीक भेगा पडतात, शेवटी बोटांत चुरा होतो. याला तेलपाणी नाही, डाग देऊन उपयोग नाही. असा भाग जोर लावून काढू नका. अखंड निघाला तरच त्याची मापं मिळतात, आणि त्यावरून कुडाळच्या एमआयडीसीतला चांगला टर्नर पितळेत नवा करून देऊ शकतो. जुना तुकडा पाकिटात घालून पेटीतच ठेवावा, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो. पुढे कुणाच्या हाती मशीन गेलं तर नवीन काय आणि मूळचं काय, हे त्याला कळायला हवं.

साउंडबॉक्स म्हणजे या यंत्राचा गळा, आणि त्याला लागणारं बहुतेक सामान बाजारपेठेतच मिळतं. पडद्याला दोन्ही बाजूंनी धरणारी रबरी कडी सुकून दगड झालेली असते. आवाज चिरका येतो, तो बहुधा त्यामुळेच. सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब कापून तिथे बसवता येते. दोन टोकं एकमेकांना नुसती टेकली पाहिजेत. पडदा सैल राहिला तर खरखरतो, आवळला तर घुसमटतो. जुन्या साउंडबॉक्सांत पडदा अभ्रकाचा असतो, आणि सुईची दांडी जिथे त्याला जोडलेली असते तिथे मधमाशीच्या मेणाचा थेंब द्यावा लागतो. इस्त्रीतला अभ्रक चालेल का, असं विचारतात. चालत नाही, तो जाड असतो. पातळ, स्वच्छ, कडेला थर न सुटलेला हवा. नंतरच्या काळातला ॲल्युमिनियमचा पडदा फाटला असेल तर तो घडवत बसू नका, दुसरा साउंडबॉक्सच शोधा.

गव्हर्नर हा वेग धरणारा भाग. त्याच्या तीन वजनांना तीन बारीक पोलादी पट्ट्या असतात. एक तुटली तरी तिन्ही एकाच जाडीच्या नव्या घालायच्या, नाहीतर मोटर थरथरते आणि गाण्यात कंप येतो. बसवून झालं की रेकॉर्डखाली कागदाची चिठ्ठी अडकवून फेरे मोजा. मिनिटाला 78 भरले पाहिजेत. पिना, म्हणजे रेकॉर्डवर टेकणाऱ्या सुया, अजूनही बनतात. रेकॉर्डच्या एका बाजूला एक नवी पिन, हा नियम मोडू नका. लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची भुकटी मिसळलेली असते, ती पिन झिजवते, आणि झिजलेली पिन रेकॉर्डचे चर खाते. लाकडी मुठी आणि पाय कातून घ्यायला सावंतवाडीसारखी जागा नाही. तिथल्या चितारआळीतल्या कारागिरांचा हात लाकूड आणि लाख दोन्हींवर बसलेला आहे.

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटला, सुटे साउंडबॉक्स आणि मोटरी मिळतात. जरूर जा, आपला नमुना सोबत न्या. पण चकचकीत पितळी कर्णा लावलेली नवीकोरी पेटी 'अँटिक' म्हणून दाखवली तर घेऊ नका. तिच्यात अनेकदा एखाद्या पोर्टेबल ग्रामोफोनची काढलेली मोटर असते. कुठल्यातरी घरात वीज येण्याच्या आधीपासून गाणारं मशीन त्यासाठी फोडलेलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणूनच, चालू होण्यासारखं मशीन पार्टसाठी फोडायचं नाही, हे मी पाळतो. माझ्याकडचे जुने पार्ट आहेत ते वाळवीने किंवा पुराच्या पाण्याने कायमच्या गेलेल्या मशिनींचे.

तेव्हा मला फोन करण्याआधी माळ्यावर परत एकदा चढा. चावी, पिनांची डबी, एखादा जादा साउंडबॉक्स त्याच ट्रंकेत निघतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मग टर्नटेबल उचलून मोटरीची पाटी खोला आणि फोटो पाठवा: मोटरीचा खालून, साउंडबॉक्सचा पुढून आणि मागून, चावीच्या भोकाचा जवळून. झाकणाचा फोटो नाही पाठवलात तरी चालेल.