तुम्ही विचारलंत म्हणून: हेअर की हेअर्स?

दर बॅचला कुणीतरी विचारतंच, मॅडम, हेअरला एस लागतो की नाही, एकदाच काय ते सांगा. मी 'नाही' एवढंच म्हणून सोडत नाही, कारण ते अर्धं उत्तर आहे आणि मुलं पुढे त्यानेच अडखळतात.

आपण 'माझे केस पांढरे झाले' म्हणतो, अनेकवचन, म्हणून तोंडात आपोआप 'माय हेअर्स आर व्हाइट' येतं. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच हेअर, 'माय हेअर इज व्हाइट'. पण आमटीत केस सापडला तर? तो एक सुटा, चिमटीत धरून बाहेर काढता येणारा, तिथे 'अ हेअर' आणि दोन निघाले तर 'टू हेअर्स', अगदी शुद्ध इंग्रजी आहे ते.

म्हणजे 'हा शब्द मोजता येतो का' असं विचारूच नका, या वाक्यात तो सुटा नग आहे की नुसता पदार्थ, ते बघा. आपणही हे रोज करतो की! 'दोन कांदे चिर', पण 'भाजीत कांदा जास्त झालाय', तिथे कांदे किती पडले ते कोण मोजतंय? चिकनचं तेच, 'आय लाइक चिकन' म्हणजे खायला आवडतं, 'आय लाइक चिकन्स' म्हटलं की अंगणातल्या कोंबड्या आवडतात. आयर्न म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. आणि इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा, कामाचा अनुभव सांगायचा तर दहा वर्षांचा असला तरी 'एक्स्पिरियन्स'च, 'एक्स्पिरियन्सेस' म्हणजे आयुष्यात आलेले वेगवेगळे अनुभव, प्रसंग.

फर्निचर आणि ॲडव्हाइसला मात्र ही युक्ती चालत नाही. खुर्च्या मोजता येतात तरी 'फर्निचर्स' होत नाही, ते सरळ पाठच करायचं.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती वाटाण्याची गोष्ट. जुना इंग्रजी शब्द 'पीझ', आणि तो एकवचनी होता, पण शेवटचा 'झ' ऐकून लोकांना वाटलं हे अनेकवचनच असणार, मग एका दाण्याला काय म्हणायचं, तर १७व्या शतकात तो 'झ' काढून टाकून 'पी' हा नवाच शब्द तयार झाला. मटारच्या पाकिटावर आज आपण 'ग्रीन पीज' वाचतो ते त्याच 'पी'चं अनेकवचन.