ओहायोच्या रांगा

आज दुपारी अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, ६ जानेवारी २००५च्या बैठकीचं जुनं रेकॉर्डिंग पाहिलं. २००४च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतली इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्यांच्या वाट्याची मतं, तिथे मोजली जात होती. ओहायो राज्याची २० मतं आली आणि तिथल्याच प्रतिनिधीगृहाच्या सदस्य स्टेफनी टब्ज जोन्स यांनी लेखी हरकत घेतली. सोबत सिनेटर बार्बरा बॉक्सर यांची सही; एका तरी सिनेटरच्या सहीशिवाय हरकत विचारातच घेतली जात नाही. २००१मध्ये फ्लोरिडाच्या मतांच्या वेळी एकाही सिनेटरची सही मिळाली नव्हती. तेव्हा सदस्य उठत होते, खाली बसत होते, आणि उपराष्ट्राध्यक्ष म्हणून अध्यक्षस्थानी बसून त्यांना थांबवत होते ती निवडणूक खुद्द हरलेले अल गोर!

२००५मध्ये मात्र निकाल फिरवायचा नाही, हे टब्ज जोन्स यांनी स्पष्टच सांगितलं. दुखणं वेगळं होतं: ओहायोत मतदानयंत्रं कमी, माणसं तासन्‌तास रांगेत ताटकळलेली. मला ही हरकत शंभर टक्के रास्त वाटते. कामावर खाडा करून आलेला मतदार कंटाळून परत गेला, तर त्याची दाद लागायची कुठे? शेवटी सिनेटनं हरकत ७४ विरुद्ध १ अशी फेटाळली. ते एक मत बॉक्सर यांचं.