चुंबकाचे खेळ : पहिली-दुसरीच्या वर्गातील प्रगती

मासे पकडण्याचा खेळ आता गावातील शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांसोबत चांगला रुळला आहे. कागदी माशांना यू-पिन लावायची आणि दोऱ्याला बांधलेल्या चुंबकाने ते उचलायचे, हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. मात्र सगळेच मासे गळाला लागू लागले की मुलांचे लक्ष केवळ मासे मोजण्याकडे जाते. म्हणून निम्म्या माशांना यू-पिनेऐवजी तांब्याची तार, ॲल्युमिनियमच्या फॉइलची घडी किंवा पितळी मणी लावला आणि गळ सोडण्यापूर्वी ‘येईल’ किंवा ‘येणार नाही’ हे प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे, असा नियम केला. ‘चकाकते ते चिकटते’ ही अनेक मुलांची पहिली समजूत पितळी मण्यापाशी त्यांच्या डोळ्यांदेखत मोडते, आणि खरा खेळ तेथून सुरू होतो.

नाण्यांमुळे चर्चा आणखी पुढे गेली. पोलादी रुपया टपकन चिकटतो, तर पिवळसर पाच रुपयांचे नाणे निकेल-पितळेचे असल्यामुळे जागचे हलत नाही. स्टीलचा एखादा चमचा चिकटतो आणि वाटी मात्र चिकटत नाही, हेही मुलांनी घरी पडताळून पाहिले. मिश्रधातूंची कारणमीमांसा या वयात सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळे स्टील सारखे नसते, एवढे त्यांनी स्वतः शोधून काढले की पुरे.

सर्वाधिक रस मात्र मैदानातील मातीत निघाला. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज असते आणि दगड झिजला की त्याचे कण मातीत उतरतात. जुन्या स्पीकरमधील फेराइटचे (काळ्या, ठिसूळ चुंबकाचे) कडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या मातीतून फिरवले, की पिशवीला बाहेरून काळी भुकटी चिकटते. मग कागदावर धरून आतील चुंबक दूर केला की ती अलगद खाली पडते. पिशवी नसेल, तर चुंबकावरची भुकटी काढता काढता नाकी नऊ येतात. गोळा झालेली भुकटी पारदर्शक बाटलीत घालून झाकण घट्ट लावले, म्हणजे ती डोळ्यांत जाण्याची भीती राहत नाही. बाहेरून चुंबक टेकवताच कण ताठ उभे राहतात आणि चुंबक सरकेल तसे काचेवर चालल्यासारखे सरकतात. दुसरीतल्या एका मुलीने त्याला ‘सुरवंट’ म्हटले आणि आता वर्गात तेच नाव चालते.

पेन्सिलीत ओवलेली चुंबकाची कडी समान ध्रुव समोरासमोर आणून तरंगत ठेवणे हा प्रयोग नेहमीप्रमाणे जमला. त्यातही वरचे कडे बोटाने दाबून पाहू द्यावे, कारण प्रतिकर्षण, म्हणजे चुंबकांचे एकमेकांना दूर ढकलणे, मुलांना डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते.

निओडिमियमचे बारीक पण फार जोरदार चुंबक मी वर्गात आणतच नाही. असे दोन चुंबक गिळले गेल्यास ते आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. त्यामुळे मोठे फेराइट चुंबकच वापरावेत आणि तास संपल्यावर ते मोजून घ्यावेत.

पुढचा टप्पा शिवणाच्या सुईचा आहे. सुईवर चुंबक एकाच दिशेने वारंवार घासून ती थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवायची आणि पाण्याने भरलेल्या परातीत सोडायची. परात पितळी किंवा प्लॅस्टिकची घेणार आहे, म्हणजे सुई भांड्याकडे ओढली जाणार नाही. सुई मी स्वतः हाताळीन; ती कोणत्या भिंतीकडे तोंड करून थांबेल, याचा अंदाज मुलांनी आधी खडूने जमिनीवर बाण काढून नोंदवायचा आहे.