आमची वाटचाल : स्टोअरच्या खिडकीपासून सुरू झालेलं ऑटोमेशन

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं छोटं युनिट आहे. आसपासच्या फाउंड्र्यांकडून (ओतकामाचे कारखाने) रफ कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, आम्ही टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून माल परत पाठवतो. सगळा लेबर जॉब : माल त्यांचा, मजुरी आमची. वडिलांनी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली, तेव्हा ऑइल इंजिनचे सुटे भाग हेच मुख्य काम होतं. पुढे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिन, सीएनसी आल्या, व्हीएमसी आल्या, उत्पादन वाढलं. बिलाचे पैसे मात्र स्टोअरच्या खिडकीत, म्हणजे मालाच्या आवक-जावकीच्या हिशेबात अडकू लागले.

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. समजा एका चलनावर (मालासोबत येणारा कागद) पाचशे नग आले. ते परत जातात तुकड्यातुकड्यानं : आज एकशेवीस, परवा ऐंशी. टूल लागल्यावर एखाद्यात ब्लोहोल (ओतकामात राहिलेली पोकळी) निघतो, तो नग सीआर, म्हणजे कास्टिंगचा दोष म्हणून परत. आमच्या हातून बोअर (आतलं भोक) मोठा झाला तर तो एमआर, म्हणजे मशिनिंगचा दोष, त्याच्या कास्टिंगची किंमत आमच्या बिलातून वजा. प्रत्येक जावक चलनावर आवक चलनाचा नंबर हवा. (जुनी मंडळी या चलनाला अजून ५७ एफ ४ म्हणतात, एक्साइज जाऊन जीएसटी येऊनही.) फाउंड्रीला आयटीसी-०४, म्हणजे बाहेर कामाला दिलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म भरायचा असतो, आणि कास्टिंग वर्षाच्या आत परत गेलं नाही तर कायदा त्याला पुरवठाच, म्हणजे करपात्र विक्रीसारखं समजतो. म्हणून ते चलनवार शिल्लक मागतात. त्यांची शिल्लक आणि आमची वही जुळली नाही, की बिल थांबलं.

सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर आयकर कायद्यात आलेल्या ४३ बी (एच) या तरतुदीनुसार मुदत चुकवणाऱ्या ग्राहकाला त्या खर्चाची वजावट पैसे चुकते केल्याच्या वर्षीच मिळते. चांगलाच आधार आहे हा. पण किती नग पोचले यावरच वाद असेल तर दिवस मोजायचे कुठून? म्हणून नवीन मशिनच्या आधी आम्ही चलनाचं काम हाती घेतलं.

एका स्थानिक प्रोग्रॅमरकडून आमच्या पद्धतीप्रमाणे सॉफ्टवेअर करून घेतलं. गाडी आली की आवक चलनाची नोंद, लगेच बारकोडचं स्टिकर, ते ट्रॉलीवरच्या रूट कार्डाला (मालासोबत फिरणारं कामाचं कार्ड). माल कुठल्या मशिनला गेला, ओके किती, सीआर-एमआर किती, हे त्या कार्डावरच स्कॅन होतं. जावक चलन करताना सर्वांत जुनं आवक चलन आपोआप समोर येतं. रोज संध्याकाळी प्रत्येक फाउंड्रीला तिची शिल्लक व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, त्यामुळे फरक असेल तर दुसऱ्याच दिवशी कळतो, महिनाअखेरीची वाट बघावी लागत नाही. स्टोअर सांभाळणारे आमचे मामा वडिलांच्या काळापासूनचे. सॉफ्टवेअर कसं चालावं हे बहुतांशी त्यांनीच ठरवलं. आता फाउंड्रीचा फोन आला की ते म्हणतात, "मालक, तुम्ही राहू द्या, मी सांगतो." माझ्या मते आमच्या ऑटोमेशनची खरी कमाई ही.

त्यानंतर तपासणी. ड्रॉइंगवर ४० एच-७ लिहिलेला बोअर घ्या : ४०.००० ते ४०.०२५ मिमी, एवढ्याच पट्टीत खेळायचं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजत गेला की बोअर हळूहळू लहान होत जातो. गो-नो गो गेज फक्त पास की नापास एवढंच सांगतो, नग कुठल्या बाजूला सरकतोय ते सांगत नाही. आम्ही डिजिटल बोअर गेज थेट कॉम्प्युटरला जोडला. ऑपरेटर गेज घालतो, बटण दाबतो, रीडिंग आलेखावर उमटतं. खालच्या मर्यादेकडे कल दिसला की तो ऑफसेट देतो (टूलची जागा किंचित सरकवतो) किंवा इन्सर्टची कड बदलतो, नग बाद व्हायच्या आधीच. हाताने आकडे लिहिण्यात त्याचा जाणारा वेळही वाचला, आणि ऑडिटला आलेल्या ग्राहकाला कागद शोधून दाखवावे लागत नाहीत.

मशिनच्या दिव्यांवरही छोटे सेन्सर बसवले. हिरवा (मशिन चालू) किती वेळ, पिवळा (मशिन थांबलेली) किती वेळ, याची नोंद होते. पिवळा जास्त करून सेटिंगनंतर पहिला नग तपासायची वाट बघताना लागतो, हे त्यातून दिसलं. म्हणून तपासणीचं टेबल मशिनजवळ आणलं. याला खर्च जवळजवळ शून्य.

सगळंच मशिनवर सोपवावं असं मला वाटत नाही. कड घासणं आणि ब्लोहोल ओळखणं आमच्याकडे आजही माणसंच करतात, कारण त्यांचा हात आणि नजर पक्की आहे. रोबोटने लोडिंग करायचं कोटेशन आलं होतं, पण आमच्याकडे जॉब वारंवार बदलतात आणि लॉट लहान असतात, तिथे ते परवडत नाही. त्याऐवजी पुढचा पैसा झटपट बदलता येणाऱ्या फिक्स्चरवर (जॉब मशिनवर घट्ट धरणारं साधन) घालतोय. पहिलं फिक्स्चर पंपाच्या बॉडीसाठी आहे, डिझाइन आमच्याच सेटरनं केलंय.